एक परवाना, अनेक संगणक

कर्जत तालुक्यातील मिरजगावसारख्या मोठ्या गावात शाळा, ग्रामपंचायत व सहकारी संस्था यांचा कारभार आज संगणकाविना चालत नाही. आज्ञावलीची एक प्रत विकत घेतली की ती सर्व संगणकांवर बसविता येते, असा समज मात्र आढळतो. तो बरोबर नाही. ग्राहकास मिळतो तो वापराचा परवाना. आज्ञावलीची मालकी नव्हे. ती किती संगणकांवर वापरावी, हे परवान्यातच नमूद असते.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणक आज्ञावलीस साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण मिळाले. मूळ प्रत खराब झाल्यास उपयोगी पडावी म्हणून राखीव प्रत ठेवण्याची मुभा कलम ५२ देते. तिच्या आधारे दुसरा संगणक चालविण्याची नव्हे. अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३-ब अन्वये ७ दिवस ते ३ वर्षे कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापार वा लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय केवळ दंडही करू शकते.

निधी अपुरा असल्यास ‘लिब्रेऑफिस’ किंवा सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही मुक्त प्रणाली कितीही संगणकांवर विनाशुल्क बसविता येते. खरेदीपूर्वी संगणक मोजावेत, परवाना वाचावा आणि त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत करावी.