पायातली घाई काढ गं

आधी तुझ्या रेसिंग सिम्युलेटरचं, म्हणजे सिमचं, ते पेडल भिंतीला टेकव बघ. आपल्या सुरतेच्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर ब्रेक जोरात दाबला की पेडलचा अख्खा संच पुढे सरकतो, पाय त्याच्यामागे जातो आणि प्रत्येक वळणाला ब्रेक वेगळाच लागतो. तू लिहिलंस, ‘ताई, माझ्या पायाला अंदाजच येत नाही.’ अगं, पेडल दर पाच मिनिटांनी नव्या जागी जात असेल तर कुणाच्या पायाला अंदाज येईल? पेडल आणि भिंत यांच्यामध्ये एक लाकडी पट्टी घाल, खाली रबरी मॅट टाक. चाकांची खुर्ची ऑफिसच्या कामाला राहू दे, इथे साधी चार पायांची घे. स्टिअरिंगचा क्लॅम्प टेबलाला घट्ट आवळ. आणि स्क्रीन जवळ ओढ, म्हणजे समोरचं दृश्य फार रुंद ठेवावं लागणार नाही. दृश्य रुंद असलं की वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो, वळणं लांब वाटतात, आणि तू ब्रेक चुकीच्या जागी मारतेस. यात तुझ्या हुशारीचा काही दोष नाही, ही नुसती मांडामांड आहे.

आता गाडीचं बोलू. तू सरळ लोटस 49 घेऊन बसलीस, हो ना? मोह कळतो मला. 1967 च्या जूनमध्ये झँडफोर्टला ही गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्कने तिथेच ती जिंकून दाखवली. पण बघ, पाचशे किलोच्या आसपास वजन, पाठीमागे तीन लिटरचं कॉसवर्थचं व्ही-एट इंजिन आणि चारशेच्या घरातली अश्वशक्ती. घरातली छोटी हॅचबॅक वजनाने हिच्या जवळपास दुप्पट असते आणि ताकदीने पाव हिश्श्याचीही नसते. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. 1967 चा हाच हंगाम घेऊन पॅपायरस कंपनीने 1998 मध्ये ‘ग्रँड प्रिक्स लेजंड्स’ हे सिम काढलं होतं, आणि चांगले सरावलेले खेळाडूही त्यात पहिल्याच वळणावर गरगर फिरायचे. तेव्हा संध्याकाळभर गाडी गवतात गेली म्हणून रडवेली होऊ नकोस.

खरं सांगू का, ती गवतात का जाते हे एकदा नीट समजलं ना, की निम्मी भीती जाते. आजच्या रेसिंग कारला पंख असतात. ती जितकी जोरात पळेल तितकी हवा तिला रस्त्यावर दाबून धरते. फॉर्म्युला वनमध्ये ते पंख 1968 मध्ये आले. त्याआधीच्या गाडीकडे पकडीसाठी काय होतं? टायर आणि स्वतःचं वजन, बस. आणि हे वजन एका जागी बसून राहत नाही. ब्रेक दाबलास की ते पुढच्या चाकांवर येतं, रेस दिलीस की मागच्या चाकांवर जातं, वळवलीस की बाहेरच्या चाकांवर कलतं. ज्या टायरवर वजन आलं त्याची पकड वाढते, ज्याच्यावरून उठलं तो घसरायला मोकळा होतो. सफाईने चालवणं म्हणजे सावकाश चालवणं नव्हे गं. वजनाला एका टायरवरून दुसऱ्यावर जायला पुरेसा वेळ देणं, एवढंच ते आहे. तू ज्यांचे व्हिडिओ बघतेस त्यांचे हात शांत दिसतात, कारण त्यांनी वजन आधीच जागेवर नेऊन ठेवलेलं असतं.

म्हणून तुझा रिप्ले मी बारकाईने पाहिला. तुला वाटतं तू जास्त रेस देतेस म्हणून गाडी फिरते. कधीकधी तसं होतं, वळणातून बाहेर पडताना. पण बहुतेक वेळा तू वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढतेस. पाय उचलला की वजन झपकन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि शेपूट सुटते. भीती वाटली की पाय वर येणारच, शरीराची ती सवय आहे. ती मोडायला वेळ लागतो, पण मोडते. वळणात शिरल्यावर वेग जेमतेम टिकेल एवढी रेस धरून ठेव आणि पाय तिथेच राहू दे. कमी करायची असेल तर थोडी कमी कर, सोडून देऊ नकोस.

ब्रेकचंही तसंच. सरळ रस्त्यावर भरपूर दाब, पण दाब एका दमात शिखरावर नेऊ नकोस. आधी पुढच्या टायरवर वजन बसू दे, मग जोर वाढव. पुढची चाकं लॉक झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवलंस तरी गाडी सरळच जाणार. अशा वेळी पाय किंचित सैल कर, चाकं पुन्हा फिरू लागतील. आणि वळायला लागलीस की ब्रेक हळूहळू सोडत जा, पूर्ण सोडून मग वळवू नकोस. सगळ्यात अवघड भाग हा सोडण्याचाच आहे. दाबणं कुणालाही जमतं. वराछाच्या कारखान्यात हिरे घासायच्या घंटीवर बसलेला रत्नकलाकार हिरा टेकवतो आणि उचलतो ना, तसा हात हवा: जोर लावला तर डाग पडतो, उचलायला चुकला तर पैलू बिघडतो.

तुझ्या सिममध्ये पेडलच्या रेषा दाखवणारी छोटी खिडकी असते, ती चालू कर. ब्रेकची रेषा उतरताना उतारासारखी दिसली पाहिजे. तुझी आत्ता कड्यासारखी तुटते. लॅपची वेळ पुढचे काही दिवस झाकून ठेव, फक्त ती रेषा बघ. बाई गं, हे एक तरी माझं ऐक.

फॉर्म्युला वनच्या जॅकी स्टुअर्टचं नाव तू ऐकलं असशील. तो ड्रायव्हरला शिकवताना गाडीच्या बॉनेटवर एक उथळ भांडं बसवून त्यात चेंडू ठेवायचा आणि चेंडू पडू न देता गाडी चालवायला लावायचा. पण त्याची मला सर्वात आवडणारी गोष्ट 1968 च्या ऑगस्टमधली आहे. नुर्बुर्गरिंगचा ट्रॅक, एका लॅपला 22.8 किलोमीटर, वरून पाऊस आणि इतकं दाट धुकं की पुढची गाडी दिसेना. त्यातून त्याचं मनगट आधीच्या अपघातात दुखावलेलं, त्याला आधाराची पट्टी. त्या शर्यतीत दुसरा आलेला ग्रॅहम हिल त्याच्या चार मिनिटांहून अधिक मागे होता. विचार कर, दुखऱ्या मनगटाने स्टिअरिंग हिसकता येतच नाही. तो ओल्या रस्त्यावर गाडीशी झटापट न करता गेला, म्हणून जिंकला. तू स्टिअरिंगला जी मगरमिठी मारतेस ना, त्याने फोर्स फीडबॅक, म्हणजे स्टिअरिंगमधून हाताला जाणवणारा जोर, तुला काय सांगतोय तेच कळत नाही. बोटं सैल ठेव. पुढचे टायर घसरायला लागले की स्टिअरिंग हलकं पडतं, ते हलकेपण तुला तळव्यात जाणवलं पाहिजे. फीडबॅकची ताकद फार वाढवून ठेवली असशील तर कमी कर, नाहीतर जोराचे सगळे झटके सारखेच लागतात आणि बारीक फरक हरवतो.

जुन्या टायरबद्दल एक चांगली बातमीही आहे. ते आजच्या स्लिक टायरसारखे अचानक दगा देत नाहीत. आधी थोडे तिरके सरकतात, मग आणखी सरकतात, मग सुटतात. म्हणजे गाडी तुला आधी सांगते. थोडं सरकणं ही चूक नाही, त्या काळच्या गाड्या अशाच चालायच्या. शेपूट बाहेर आली की तिच्याच दिशेने स्टिअरिंग फिरव, पण ती परतायला लागली की लगेच सरळही कर. तू पहिला भाग छान करतेस, दुसऱ्याला उशीर होतो, आणि गाडी उलट्या बाजूला फेकली जाते. नजर भिंतीवर अडकते म्हणून उशीर होतो. जिथे जायचंय तिथे बघ. आणि फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून शांत बस. तो अपमान नाही, पद्धत आहे.

आता गाडी बदल. लोटस 49 कुठे पळून जात नाही. तुझ्या असेटो कोर्सा सिममध्ये लोटस 25 आहे, ती घे. दीड लिटरचं इंजिन, दोनशेच्या आसपास अश्वशक्ती, अरुंद टायर. क्लार्कने 1963 मध्ये हिच्याच जोरावर दहापैकी सात शर्यती जिंकल्या आणि जगज्जेता झाला. स्कॉटलंडचा शेतकरी माणूस, मेंढ्या पाळणारा, आणि हात इतका हलका की त्याच्यासोबत शर्यतीत उतरलेले लोक आजही त्याबद्दल आदराने लिहितात. या गाडीत ताकद कमी, त्यामुळे चुकीची शिक्षा सौम्य मिळते, पण चूक लपतही नाही. वळणात वेग घालवलास तर तो परत मिळवायला इंजिन धावून येत नाही. ट्रॅक छोटा आणि साधा निवड, इटलीतला मॅजिओने बघ, अडीच किलोमीटरचा. नुर्बुर्गरिंगला आत्ता जायचं नाही, सांगून ठेवते. एका लॅपमध्ये इतकी वळणं आहेत की एकही वळण पुन्हापुन्हा घोटायला मिळत नाही. आणि दर वेळी पहिला लॅप टायर गरम व्हायला दे, त्या लॅपवरून स्वतःला मार्क देऊ नकोस.

गिअरची काळजी सगळ्यात शेवटी. सुरुवातीला ऑटो-क्लच चालू ठेव, त्यात काही लाज नाही. पाय शांत झाले की मग तो बंद कर. त्या वेळी खालचा गिअर टाकताना उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर राहील आणि त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची, म्हणजे इंजिनचा वेग चाकांशी जुळतो. तो न जुळवता क्लच सोडलास तर मागच्या चाकांना एकदम झटका बसतो, आणि तेच पुन्हा, शेपूट सुटते. आधी सिम बंद ठेवून नुसत्या पेडलवर सवय कर, अनवाणी.

तू हळूच एक वाक्य लिहिलं होतंस, शेवटी, कंसात. घरचे म्हणतात मुलीचं हे काय खूळ. अगं, 1958 मध्ये मारिया तेरेसा दे फिलिपिस ही इटालियन बाई मासेराटी 250एफ घेऊन फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरली, तशी उतरलेली पहिली बाई. तिला भावांनी चिडवलं होतं, तुला गाडी जोरात हाकता येणार नाही म्हणून, आणि तिथून तिने सुरुवात केली. बेल्जियमला स्पाच्या ट्रॅकवर ती दहावी आली. ती 250एफ तुझ्या सिममध्ये आहे, एक दिवस नक्की चालव, त्या मोठ्या स्टिअरिंगमागे बसून बघ. आणि एवढं लांब कशाला, इथून रेल्वेने दोनेक तासांवरच्या वडोदऱ्याची मीरा एर्डा लहानपणी कार्टिंगपासून सुरू झाली आणि पुढे खऱ्या फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यती खेळली. आईला तिचं नाव सांग. आयांना दुसऱ्याच्या मुलीचं उदाहरण पटकन पटतं.

घरातही थोडं सांभाळून घे. हेडफोन लाव, जेवणाची हाक आली की लॅप अर्धवट सोड, गाडी कुठे जात नाही. मे महिन्यात पंखा थेट तोंडावर ठेव, घामाने ओले हात स्टिअरिंगवर घसरतात. डोकं जड झालं किंवा मळमळलं तर तिथेच थांब, चालवत राहून ते बरं होत नाही. रोज थोडा वेळ, पण रोज. रविवारी दुपारभर दमेपर्यंत बसलीस की शेवटच्या तासाला फक्त चुकाच पक्क्या होतात.

एक मात्र कडक शब्दांत सांगते. सिममधून उठून लगेच डुमस रोडवर गाडी घेऊन जायचं नाही. डोळ्यांना वेगाची सवय झालेली असते आणि खरा वेग कमी भासतो. मध्ये चहा पी, घरात काहीतरी कर, मग चावी हातात घे. चेंडूचं भांडं मात्र तुझ्या रोजच्या गाडीतही मनातल्या मनात ठेव, त्याला माझी परवानगी आहे. मागच्या सीटवरच्या आजीला झोप लागली पाहिजे, असा ब्रेक मार.

आणि कधी अहमदाबादला गेलीस तर कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा जुन्या गाड्यांचा संग्रह आहे, तो बघून ये. तिथे रोल्स-रॉइस, बेंटलीसारख्या गाड्या आहेत. त्यांच्यासमोर खाली बसून टायरची रुंदी बघ, स्टिअरिंगचा घेर बघ, पातळ कडा बघ. एवढ्याशा रबरावर एवढं वजन तोलायचं, हे प्रत्यक्ष पाहिलं की पाय आपोआप जपून पडतो.

आज रात्री काय करायचं, ते ऐक. पट्टी लाव, मॅट टाक, लोटस 25 आणि मॅजिओने. जेवढा वेग तुला सहज वाटतो त्यापेक्षा एक पायरी कमी ठेव, आणि एक तरी लॅप गाडी न फिरता पूर्ण होईपर्यंत वेग वाढवू नकोस. झालं की रिप्ले आणि ब्रेकच्या रेषेचा फोटो पाठव मला. उशीर झाला तरी चालेल, मी बघते.