‘दुखत नाही ना?’ असं विचारू नकोस

उधना, सुरत

चि. सोनू,

नर्सिंग पास होऊन तू इथे लिंबायतच्या आरोग्य केंद्रात रुजू होणार, हे कळल्यापासून मी गल्लीभर सांगत सुटले आहे. तिथे येणाऱ्या कितीतरी बाया आपल्याच, खान्देशातल्या. घरबसल्या साडीला टिकल्या लावणाऱ्या, धागा कटिंग करणाऱ्या. छातीतल्या गाठीचं विचारलंस की म्हणतील, “दुखस नही ना!”

इथेच घात होतो. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आमच्या गल्लीतल्या एकीनं आठ महिने गाठ लपवली. आधी मुलीचं लग्न, मग दिवाळीचा माल. दुखू लागलं तेव्हा काखेतही गोळा आला होता.

म्हणून तू विचार, “पूर्वीपेक्षा काही वेगळं लागतं का?” गाठ, कातडीला पडलेली खळी, नव्यानं आत ओढलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त, काखेतला गोळा, यातलं एक जरी असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही लगेच सांग. नाहीतर भीतीनंच बाई घरी बसेल.

“सुई टोचली की रोग पसरतो,” असं एखादीची सासू म्हणेल. ते खरं नाही, पण तिच्याशी वाद नको, तिलाच तपासणीला बसव. तिच्या वयातच तपासणीचा फायदा दिसला आहे. टाटा रुग्णालयानं 1998 पासून वीस वर्षं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायांचा अभ्यास केला. निम्म्या बायांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा हातानं तपासणी झाली. तीही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी. पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायांत तसा फरक दिसला नाही. म्हणून त्यांना “तपासलं, आता निर्धास्त राहा” असं कधी म्हणू नकोस. काही वेगळं लागलं तर लगेच ये, हे बजावून ठेव.

एखादीला नव्या सिव्हिल हॉस्पिटलला पाठवलंस तर चिठ्ठी देऊन थांबू नकोस. रोज बुडतो म्हणून ती जाणार नाही. आठवड्यानं तिच्या दारात जाऊन विचार, “गेली होतीस का?”

आणि पहिल्या दिवशी मीच येते. एकसष्टावं लागलं, तरी चार वर्षं मीही “दुखत नाही” म्हणूनच टाळते आहे.

तुझी,
मावशी