जुन्या संगणकास नवा प्रोसेसर

वासोण्याहून वापीला यायचे, मुंबईची गाडी पकडायची आणि लॅमिंग्टन रोडवरच्या पहिल्याच दुकानात "सर्वांत भारी प्रोसेसर द्या" म्हणायचे! मी हेच केले होते. साठवलेले पैसे गेले आणि खेळ पूर्वीइतकाच अडखळत राहिला. दोष प्रोसेसरचा नव्हताच, ग्राफिक्स कार्डाचा होता.

दोष कोणाचा हे घरबसल्या कळते. खेळाचे रेझोल्यूशन कमी करून पाहावे. दर सेकंदाच्या फ्रेम्स बऱ्याच वाढल्या तर कार्ड कमी पडते आहे. जवळजवळ तितक्याच राहिल्या तर प्रोसेसर. पडद्यावरचे चित्र रंगविणे हे कार्डाचे काम. शत्रू कोठे वळला, गोळी कोणास लागली, हा हिशेब प्रोसेसरचा. चित्र लहान केल्याने तो घटत नाही.

प्रोसेसरच बदलायचा ठरल्यास आधी मदरबोर्ड पाहावा. तो एएमडीच्या एएम४ सॉकेटचा असेल तर विद्यार्थी सुदैवी म्हणायचा. हा सॉकेट २०१६ चा. तरी २०२२ साली आलेला सहा कोअरचा रायझन ५ ५६०० अशा बहुतेक बोर्डांवर चालतो. बोर्डाच्या कंपनीची यादी मात्र तपासावी आणि जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायॉस अद्ययावत करावे. रॅम तीच राहते. नव्या एएम५ साठी बोर्ड आणि डीडीआर५ रॅम दोन्ही घ्यावी लागतात. मग काटकसर कसली?

इंटेलच्या बाबतीत जपून. २०१७ चे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आधीच्या एलजीए ११५१ सॉकेटात नीट बसतात, पण त्या जुन्या बोर्डांवर चालत नाहीत.