मुद्दल आणि व्याज : पाण्याचं चक्रवाढ गणित

इयत्ता आठवीला चक्रवाढ व्याज शिकवताना मी दरवर्षी एक कोडं घालतो. गावाबाहेरच्या तळ्यात जलपर्णी शिरली आहे. ती रोज दुप्पट होते. तिसाव्या दिवशी सगळं तळं झाकलं गेलं. तर अर्धं तळं कोणत्या दिवशी झाकलं होतं?

वर्ग एका सुरात ओरडतो, "पंधराव्या!" मी काहीच बोलत नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, "सर, एकोणतिसाव्या."

पुढचा प्रश्न : पंचविसाव्या दिवशी किती भाग झाकला होता? मुलं उलटी मोजत जातात. अर्धा, पाव, आठवा, सोळावा, बत्तिसावा. म्हणजे त्या दिवशी बत्तीसपैकी एकतीस भाग पाणी स्वच्छ दिसत होतं. 'तळं धोक्यात आहे' असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि हातात उरले होते फक्त पाच दिवस!

मग मी फळ्यावर एक सोपी युक्ती लिहितो. ७० ला वाढीच्या टक्क्यांनी भागा, दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. बातम्यांमध्ये आपण ७ टक्के वाढ ऐकतो. ७० भागिले ७, म्हणजे १० वर्षांत दुप्पट. वीस वर्षांत चौपट. आणि ७० वर्षांत, म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात, १२८ पट. टक्का लहान दिसतो, पण तो दरवर्षी वाढलेल्या रकमेवर बसतो.

यंदा इथपर्यंत आलो आणि एक मुलगी उभी राहिली. "सर, आमच्या बोअरचं पण असंच झालंय. पहिला दोनशे फूट, दुसरा चारशे, आणि या उन्हाळ्यात आठशे. आठशेला नुसता धुरळा निघाला. मग बाबांनी बोअर घ्यायचाच नाही का?"

वर्ग शांत झाला. काय उत्तर देणार? वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचा खर्च उसाच्या बिलावर चालतो. माझ्या घरामागेही बोअर आहेच. तास संपला, पण प्रश्न संपला नाही. म्हणून पुढचे दोन तास आम्ही तेच गणित पाण्यावर केलं. कुठल्याही शाळेत करता येईल असं आहे.

पहिली कृती : छपरावरचा पाऊस. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी होतं. मुलांनी टेपने वर्गखोल्यांचं छप्पर मोजलं. २० मीटर लांब, ६ मीटर रुंद, म्हणजे १२० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर ६०,००० लिटर. मुलं खूश! मग विचारलं, हे किती जणांना पुरेल? जलजीवन मिशनमध्ये माणशी रोजचे ५५ लिटर धरतात. वर्षाचे झाले सुमारे २०,००० लिटर. म्हणजे एवढ्या मोठ्या छपरावरचा सगळा पाऊस जेमतेम तिघांना पुरतो. त्या दिवशी नळाखाली हात धुणाऱ्या मुलांचा वेग बदलला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसरी कृती : शेतातला पाऊस. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. ५०० मिलिमीटर पावसाचे झाले २० लाख लिटर. उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं. मधला आकडा, २,००० धरला तर एकरी ८० लाख लिटर. म्हणजे एका एकर उसाला चार एकरांवरचा पाऊस लागतो, तोही एक थेंब वाहून न जाता, उडून न जाता. ही तूट कुठून भरून निघते? कालव्यातून, नाहीतर जमिनीच्या पोटातून.

इथे चक्रवाढ व्याजाचा धडा पुन्हा उपयोगी पडला. आपल्याकडचा काळा पाषाण कठीण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. दर पावसाळ्यात वरच्या थरात जे मुरतं ते व्याज. खोल भेगांमध्ये वर्षानुवर्षं साठलेलं ते मुद्दल. व्याजावर घर चालतं. मुद्दल खायला लागलो की पहिली काही वर्षं सुगीचीच वाटतात, कारण हातात पैसा जास्त खेळतो. पासबुक मात्र कुणी उघडून बघत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तेव्हा ते पासबुक सगळ्या देशाने पाहिलं.

'ठिबक केलं की झालं' असंही एक मुलगा म्हणाला. ठिबकने पाणी वाचतं, खरं आहे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावला तर? हिशेब होता तिथेच! बचतीलासुद्धा मर्यादेची जोड लागते.

मुलीने हा कागद घरी दाखवला. दुसऱ्या दिवशी वडिलांचं उत्तर घेऊन आली : "ज्वारीला उसासारखा खात्रीचा भाव कोण देणार, ते सरांना विचार. आणि मी थांबलो तर शेजारचा थांबणार आहे का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. एकट्याने थांबून शेजाऱ्याला पाणी सोडण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून मी मुलांना हिवरे बाजारची गोष्ट सांगितली. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव पर्जन्यछायेतलं. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने आधी डोंगरउतारावर चर खणले, झाडं लावली, चराईबंदी केली. पण हे पाणी वाढवण्याचं काम झालं. ते टिकलं ते दुसऱ्या कामामुळे. गाव दरवर्षी पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर नाही, उसासारखं पाणीखाऊ पीक नाही. ही मर्यादा सगळ्यांनी मिळून ठरवली, म्हणून ती पाळली गेली. आणि या मर्यादेत राहून गाव गरीब झालं नाही. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली.

हेच जगाच्या पातळीवर १९७२ साली 'लिमिट्स टू ग्रोथ' या पुस्तकाने मांडलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या अभ्यासकांनी लोकसंख्या, उत्पादन, अन्न, प्रदूषण आणि साधनसंपत्ती यांचा एकत्र हिशेब संगणकावर करून पाहिला. वाढ अशीच चालू राहिली तर पुढच्या शंभर वर्षांत ती पृथ्वीच्या मर्यादेला धडकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पण वेळेत बदललं तर समतोल साधता येईल, हेही त्याच पुस्तकात आहे. तेवढं आपण विसरतो.

पालकांनो, आपण मुलांना 'अजून पुढे, अजून जास्त' एवढंच शिकवतो. पण मुलाची उंची अठरा-वीस वर्षांत थांबते म्हणून आपण काळजी करतो का? त्यानंतरही त्याची समज वाढतच असते. गावाचंही तसंच. पाण्याचा उपसा एका ठिकाणी थांबायलाच हवा. शिक्षण, आरोग्य, एकमेकांवरचा विश्वास वाढायला मर्यादा नाही.

आणि त्या मुलीला? मी सांगितलं, "बाबांना दोष देऊ नकोस. त्यांचा प्रश्न ग्रामसभेचा आहे, आपण तिथे नेऊ." आता शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला आहे. आकडा रोज वर्गातली मुलं फळ्यावर लिहितात. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत गावाचा पाण्याचा ताळेबंद हीच मुलं वाचून दाखवणार आहेत. मोठी माणसं ऐकतील की नाही, माहीत नाही. पण आज तळ्याचा कितवा दिवस चालू आहे, एवढं तरी गावाला कळेल.

आपल्या शाळेतही छप्पर मोजून पाहा. किती जणांना पुरतं, ते जरूर कळवा.