कुंपण घालण्याआधी, बायो

अगं बायो, नागावच्या घराला आठ फुटी कंपाऊंड घालायचं घाटतंय असं आईकडून कळलं. गवंड्याला आगाऊ रक्कम देण्याआधी माझं जरा ऐकून घे. घर तुमचं, पैसे तुमचे, निर्णयही तुमचाच. पण एकदा भिंत उभी राहिली की ती पाडायला कुणाचं मन होत नाही, म्हणून आत्ताच बोलते.

आधी रस्त्यापलीकडे उभी राहून घराकडे नीट बघ. कौलांची उतरण पडवीपर्यंत खाली आली आहे. पागोळ्या पडतात ती कड माणसाच्या डोक्याच्या जराशी वर. ओट्यावर बसलेल्याला येणारा-जाणारा दिसावा, हाक मारता यावी, अशा बेताने ते घर बांधलंय. त्याच्यापुढे आठ फूट भिंत आली की रस्त्यावरून नुसती कौलं दिसणार आणि ओट्यावरून नुसतं सिमेंट. म्हणून उंची फुटपट्टीने ठरवू नकोस. ओट्यावर बस आणि नजर कुठे पोचते ते बघ. पुढच्या बाजूचं कुंपण त्या नजरेच्या खाली राहायला हवं. बैठ्या कौलारू घराला कमरेएवढा दगडी गडगा आणि त्याच्या आतून हिरवी वई, याहून शोभणारं मला तरी काही माहीत नाही.

दगड कुठला, तर घराच्या जोत्याला असेल तो. अलिबागकडे बहुतेक जुन्या जोत्यांना काळा दगड आहे. खाली श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला जांभा दिसतो. जोतं काळ्या दगडाचं आणि कुंपण तांबड्या चिऱ्याचं केलंत तर ते दोन घरांचं सामान एकत्र आणल्यासारखं दिसेल. आणि गडगा कोरडाच रचून घे. पावसाळ्यात वाडीतून येणारं पाणी फटीफटीतून निघून जातं. कुलाब्याचा किल्ला आठव. महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला. तिथेही मोठमोठे दगड चुना न भरता एकावर एक बसवलेत, लाटेचं पाणी सांध्यांतून आत-बाहेर होतं आणि तिचा जोर मोडतो. तुझी पक्की भिंत मात्र पाणी अडवील. भिंतच बांधायची असेल तर निदान बुडाशी ठिकठिकाणी पाण्याला वाट ठेवायला लाव. नाहीतर सुपारीच्या मुळांशी पाणी तुंबेल.

वाऱ्याचंही तेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आलं, त्यात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. भरीव भिंतीवर वाऱ्याचा सगळा दाब येतो, आणि जो वारा वरून उडी मारतो तो पलीकडे भोवरे करत खाली आपटतो. झाडांची वई अर्धा वारा आत सोडते, अर्धा अडवते, त्यामुळे मागे लांबपर्यंत तो मंदावतो. किनाऱ्यावर सुरूची बनं लावतात ती याचसाठी. तुझ्या पोफळींना नेमका हाच आडोसा हवा.

आता तयार मिळणाऱ्या सिमेंटच्या खांबांविषयी. स्वस्त पडतात, दोन दिवसांत काम होतं, कबूल. पण समुद्राजवळचा जुना खांब एकदा जवळून बघ. आधी उभी बारीक चीर पडते. मग चिरेतून तांबूस ओघळ उतरतो. खारी हवा आतल्या सळईपर्यंत पोचलेली असते, सळई गंजून फुगते आणि एक दिवस वरचं सिमेंट ढलपीसारखं सुटून येतं. साध्या लोखंडी जाळीचं आणि भाल्यांच्या ग्रिलचं आयुष्यही इथे कमीच, दरवर्षी घासून रंग द्यायची तयारी हवी. मागच्या बाजूला गुरांसाठी तार लागणारच असेल तर जस्ताचा जाड मुलामा दिलेली घे, आणि तिच्यावर वेल चढव.

वईत काय लावायचं हे मला सगळ्यात आवडीचं. पुढे मेंदी आणि जास्वंद, कापून नीट ठेवता येतात आणि देवाला फुलं होतात. बाजूंना अडुळसा आणि निरगुडी. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि खोकल्याला पानं घरचीच. वाडीच्या दोन्ही लांब कडांना गिरीपुष्प. फांद्या तोडून पहिल्या पावसात खोचल्या की जगतात, त्याच पुढे जिवंत खांब होतात, आणि छाटलेला पाला नारळाच्या आळ्यात खत म्हणून घालता येतो. समुद्राकडच्या टोकाला उंडी आणि केवडा, खारा वारा तेच सोसतात. शेर मात्र लावू नकोस. पूर्वी सर्रास लावत, पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, आणि तुझी दोन्ही पोरं हाताला येईल ते पान तोडणारी.

तुझी खरी भीती मला कळते. भाऊजी आठवडाभर मुंबईला, घरात तू, सासूबाई आणि मुलं. पण उंच भिंतीआड एखादा उतरलाच, तर तो शेजाऱ्यांनाही दिसणार नाही. पुढची बाजू मोकळी ठेव, पडवीत रात्रभर दिवा ठेव, आणि मागे सागरगोटा चढव. त्या काट्यांतून माणूस काय, कुत्रंही येत नाही.

धाकट्या जाऊबाईंच्या स्लॅबच्या बंगल्याचं मात्र वेगळं आहे. त्यांनी तुझं बघून गडगा घालू नये. त्या घराच्या सगळ्या रेषा सरळ आणि कोरीव, त्याला बुटकी गिलाव्याची भिंत आणि वर साध्या उभ्या पट्ट्या शोभतील. नक्षीची जाळी आणि गेटवर सिंह कुठल्याच घराला नकोत.

फाटक लाकडाचं कर. वाडीच्या मागच्या वाटेला पूर्वीसारखं बेडं पुरे, दोन खांबांना भोकं आणि त्यांतून सरकवलेले आडवे वासे. आणि त्या वाटेने गावातली माणसं समुद्रावर जातात, ती बंद करू नका. कागदावर तुमची असली तरी करू नका. शिवाय भरतीरेषेजवळ बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, मागच्या टोकाला दगड ठेवण्याआधी ग्रामपंचायतीत आणि तहसीलला विचारून घ्या.

सगळ्यात पहिलं काम मोजणीचं. भूमी अभिलेखमध्ये अर्ज टाका, खुणा पक्क्या होऊ देत. वाडी लांबट आहे, एका कडेला शेजारच्या काकूंची पोफळ अगदी हद्दीवर उभी आहे. तिच्यावरून वाद नको. गिरीपुष्पाच्या फांद्या मृगातच लागायच्या असतात, तेव्हा अर्ज याच आठवड्यात टाक. मोजणीची तारीख मिळाली की मला कळव, काकूंशी बोलायला मीही येईन.