आईचं अंग आणि बहात्तरचा दुष्काळ

प्रश्न : माझी आई साठीला टेकली आहे. दहा-बारा वर्षं तिचं सगळं अंग ठणकतं. आज कंबर, उद्या खांदे, परवा पिंढऱ्या. रक्त, एक्स-रे, एमआरआय सगळं 'नॉर्मल'. रात्री तव्यावर मीठ गरम करून, फडक्यात बांधून शेकत बसते. बहात्तरच्या दुष्काळात ती सहा वर्षांची होती. त्याच साली तिची आई गेली. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे, ही धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिथंच. परवा एका डॉक्टरांनी तिला लहानपणाबद्दल विचारलं. अंगदुखीचा त्याच्याशी काय संबंध?
– एक वाचक, शेंद्रा

उत्तर : संबंध असू शकतो. किती, ते मात्र जपून सांगायला हवं.

एखाद्यानं 'हाय खाल्ली' असं आपण सहज म्हणतो. वैद्यकाला मोजमाप लागतं. १९८०च्या दशकात अमेरिकेत सॅन डिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणावर उपचार करत होते. ज्यांचं वजन छान उतरत होतं तेच रुग्ण मध्येच यायचे बंद होत. खोदून विचारलं तेव्हा अनेकांच्या बालपणात अत्याचार निघाले. पुढे त्यांनी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो लोकांची पाहणी केली, ती १९९८ साली छापून आली. मारहाण, घरातलं व्यसन, आईचा छळ, असं बालपणी जितकं जास्त, तितके मोठेपणी हृदयाचे, फुप्फुसाचे आजार आणि नैराश्य जास्त. पण यात एक खोट आहे : सगळी भिस्त आठवणींवर. दुखणाऱ्याला जुनं वाईटच आठवणार, असं कुणीही म्हणेल.

म्हणून तुमच्या आईपुरती मला दुसरी पाहणी मोलाची वाटते. ब्रिटनमध्ये मार्च १९५८च्या एका आठवड्यात जन्मलेल्या सुमारे १७,००० मुलांची नोंद जन्मापासून ठेवली गेली. कुणाची आई गेली, कुणाच्या घरी ओढग्रस्त, हे लहानपणीच लिहून ठेवलेलं. ४५व्या वर्षी त्यांची अंगदुखी तपासली. लहानपणी आई गेलेल्यांत अंगभर आणि दीर्घकाळ दुखण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट निघाली, हलाखीत वाढलेल्यांत दीडपटीच्या वर. मोठेपणीचं नैराश्य हिशेबात धरलं तरी फरक उरलाच. आणि तरीही, आई गेलेल्या बहुतेकांना असं दुखणं नव्हतं.

हे होतं कसं? शेतात राखणीला बसलेल्या पोराचं बघा. एकदा रानडुकरं शिरली की पुढे पान हललं तरी ते दचकून उठतं. मज्जासंस्थेचंही काहीसं तसंच होतं. वाढत्या वयात ताण महिनोन्‌महिने टिकला, तर कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकांची घडी बिघडू शकते, वेदनेच्या वाटा हळव्या होतात, आणि साध्या दाबाचीही कळ उठते. एमआरआयमध्ये हाड दिसतं, हा हळवेपणा दिसत नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे हिचे मनाचे खेळ' हे वाक्य घरात कुणी उच्चारत असेल तर थांबवा.

   

आता कामाचं. दुष्काळावर सगळं ढकलून तपासण्या सोडू नका. बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड पाहिलंय का? सांधे सुजणं, सकाळी तासभर आखडणं, ताप, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर घाटी या सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं नकोत, मूत्रपिंडं बिघडू शकतात. डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी लिहिली तर 'आई वेडी आहे का' म्हणून भांडू नका. त्यातल्या काही गोळ्या वेदनेच्या वाटाच शांत करतात. चालणं रोज, पण थोडं. बरं वाटलं म्हणून एकाच दिवशी सगळं घर सारवायला काढायचं नाही.

आणि ते बालपण? प्रश्नांची यादी घेऊन समोर बसू नका. रात्री ती मीठ तापवायला उठेल, तेव्हा पोटली तुम्ही धरा आणि पाठ शेकून द्या. बोलली तर ऐका. नाही बोलली, तर पाठ तरी शेकून होईल.