दगड, लोखंड आणि आपले हात

(प्रत्येक बांधकाम-साहित्याचा एक स्वभाव असतो. तो स्वभाव ओळखूनच माणसाने कमानी, घुमट, पूल आणि उंच इमारती उभारल्या. प्रस्तुत पाठात ही माहिती दिली आहे. पाठातील प्रयोग नुसते वाचू नका, स्वतःच्या हातांनी करून पाहा.)

विद्यार्थी मित्रांनो, फळ्यावर लिहिण्याचा एक खडू घ्या. त्याची दोन टोके दोन तळहातांमध्ये धरून दाबा. खडू सहजासहजी मोडत नाही. आता तोच खडू दोन्ही हातांनी वाकवा. कट्कन त्याचे दोन तुकडे होतील. आता एक सुतळी घ्या आणि दोन्ही बाजूंनी ओढा. सुतळी तुटत नाही. पण तिची टोके एकमेकांकडे ढकलली, तर ती लगेच दुमडते.

या साध्या प्रयोगातून काय समजले? खडू दाब सोसतो, पण ताण सोसत नाही. सुतळी ताण सोसते, पण दाब सोसत नाही. दगड, वीट आणि चुना हे खडूच्या जातीचे आहेत. पोलादाची सळई मात्र सुतळीप्रमाणे ताण सोसते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, तर अनेक इमारतींचे कोडे आपोआप सुटते.

आता एक लांबट खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर पेनने सारख्या अंतरावर उभ्या रेघा काढा. खोडरबराची दोन टोके दोन पुस्तकांवर टेकवा आणि मध्यभागी बोटाने दाबा. नीट पाहा. रेघांची वरची टोके एकमेकांजवळ येतात आणि खालची टोके लांब जातात. म्हणजे वरच्या भागावर दाब पडतो आणि खालच्या भागावर ताण पडतो. दोन खांबांवर ठेवलेल्या दगडी तुळईचेही असेच होते. तुळई फार लांब असेल, तर तिला खालून तडा जातो. म्हणूनच जुन्या दगडी मंदिरांच्या सभामंडपात खांब जवळजवळ असतात. खांबांची ही दाटी केवळ शोभेसाठी नाही. ती दगडाची गरज आहे.

मग दगडाने मोठी जागा कशी झाकायची? याचे उत्तर कमानीत सापडले. 'कमान' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत कमान म्हणजे धनुष्य. मराठीत मात्र धनुष्यासारख्या वाकलेल्या बांधकामाला कमान म्हणतात. उर्दूत तिलाच मेहराब म्हणतात. कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना टेकून बसवलेले असतात. वरचा भार या दगडांना एकमेकांवर दाबतो. दगडाला दाब सोसतो, म्हणून कमान टिकते. मात्र ती आपल्या पायांना बाहेर ढकलते. त्यासाठी तिच्या दोन्ही बाजूंना जाड भिंती लागतात.

कर्नाटकातील विजापूर (आताचे विजयपुरा) येथील गोलघुमट हे या विद्येचे उत्तम उदाहरण आहे. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर आहे. त्याचा मृत्यू १६५६ साली झाला. या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे, तरी खाली मध्ये एकही खांब नाही. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवण्यासाठी कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभारल्या. घुमटाचा भार या कमानींतून जाड भिंतींवर उतरतो. त्या काळी पोलादी तुळया नव्हत्या. दगड, वीट, चुना आणि कारागिरांचे ज्ञान एवढ्यावर हे काम झाले.

पुढे लोखंड स्वस्त झाले आणि बांधकामाचे नवे युग सुरू झाले. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवर १७७९ साली एक पूल उभा राहिला. बिडाच्या लोखंडाचा तो पहिला मोठा पूल. तो आजही 'आयर्न ब्रिज' या नावाने ओळखला जातो. या पुलाची एक मौज आहे. लोखंडाचे एवढे मोठे तुकडे कसे जोडायचे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून कारागिरांनी सुतारकामातील जोडांचीच रीत वापरली. एका तुकड्याला खाच आणि दुसऱ्याला त्यात बसणारे टोक! पुलाचा आकारही त्यांनी कमानीचाच ठेवला. तो निर्णय योग्य होता, कारण बीडही दाब चांगला सोसते, पण ताणाखाली तडकते. नवे साहित्य हाती आले, तरी माणसाचा हात आधी जुन्या ओळखीच्या रीतीकडेच वळतो.

मुंबईतही लोखंडाचा असाच एक जुना नमुना आहे. काळाघोडा भागातील एस्प्लनेड मॅन्शन ही इमारत पूर्वी वॉटसन हॉटेल म्हणून प्रसिद्ध होती. तिच्या लोखंडी सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, जहाजाने मुंबईत आले आणि १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडले गेले. अशा इमारतीत मजल्यांचा भार सांगाडा उचलतो. भिंतीला तो उचलावा लागत नाही. त्यामुळे भिंती पातळ करता येतात आणि खिडक्या मोठ्या ठेवता येतात. आजच्या उंच इमारतींच्या मुळाशी हाच विचार आहे.

आता सिमेंटकडे वळू. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने 'पोर्टलंड सिमेंट'चे पेटंट घेतले. (उर्दूत ज्याला राजमिस्त्री म्हणतात, त्याला मराठीत गवंडी म्हणतात.) सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांपासून काँक्रीट बनते. ते हव्या त्या आकारात ओतता येते. पण वाळल्यावर त्याचा स्वभाव दगडासारखाच होतो. म्हणजे दाब चालतो, ताण चालत नाही. यावर उपाय शोधणाऱ्यांत जोसेफ मोनिए नावाचा एक फ्रेंच माळी होता. सिमेंटच्या कुंड्या टिकाव्यात, म्हणून त्याने त्यांच्या आत लोखंडी जाळी घातली. १८६७ साली त्याने या युक्तीचे पेटंट घेतले. माळ्याच्या कुंडीतली ही युक्ती पुढे पूल आणि इमारती यांच्या कामी आली.

दाब काँक्रीटने सोसायचा आणि ताण पोलादाने, अशी ही जोडी आहे. उन्हाने दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून ती एकमेकांना सोडत नाहीत. चांगले काँक्रीट सळयांना गंजण्यापासूनही वाचवते. मात्र काँक्रीटला भेगा पडून पाणी आत गेले, तर सळया गंजतात आणि फुगतात. मग काँक्रीटच्या खपल्या पडू लागतात. जुन्या इमारतींच्या छतांतून बाहेर आलेल्या तांबूस सळया तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचे कारण हेच.

सळई कोठे घालायची, हेही महत्त्वाचे आहे. खोडरबराचा प्रयोग आठवा. दोन टेकूंवरील तुळईला ताण खालच्या बाजूला बसतो, म्हणून तिची मुख्य सळई खाली असते. पण घराच्या सज्ज्याचे काय? त्याचे एकच टोक भिंतीत असते. खोडरबराचे एक टोक घट्ट धरा आणि दुसरे टोक खाली दाबा. आता रेघा वरच्या बाजूला फाकतील. म्हणून सज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. सळया तेवढ्याच घातल्या, पण त्या चुकून खाली बसल्या, तर सज्जा कोसळू शकतो. नुसते साहित्य चांगले असून भागत नाही. ते योग्य जागीही असावे लागते.

हा धडा महाराष्ट्राला एकदा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथील अनेक घरांच्या भिंती दगड-मातीच्या आणि खूप जाड होत्या. छतावर मातीचे जड थर होते. उन्हाळ्यात अशी घरे थंड राहत. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असे लोकांना वाटे. पण अशा भिंतीला आत आणि बाहेर दगडांचे दोन वेगळे थर असत आणि मध्ये दगड-मातीची भर असे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे काही नव्हते. जमीन हादरताच थर सुटले, भिंती ढासळल्या आणि छताचा भार झोपलेल्या माणसांवर आला.

यात दगडाचा दोष नव्हता. त्याला बांधून ठेवण्यात उणीव होती. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवले आणि चारही भिंतींना कंबरपट्ट्यासारखा सळयांचा काँक्रीट पट्टा घातला, तर दगडी घरही भूकंपात अधिक सुरक्षित राहते. भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीत अशा उपायांवर भर देण्यात आला.

मित्रांनो, तुमच्या घराजवळ बांधकाम चालू असेल, तर मोठ्या माणसांबरोबर सुरक्षित अंतरावर उभे राहून ते पाहा. गवंडी ओळंबा कशासाठी लावतो? सेंट्रिंग लगेच का काढत नाहीत? काँक्रीटवर रोज पाणी का मारतात? ही सळई वर का आणि ती खाली का? नम्रपणे विचारा. ज्यांच्या हातांना साहित्याचा स्वभाव कळतो, ते कारागीरही तुमचे गुरूच आहेत. पुस्तकातले उत्तर विसरायला होते, पण हाताने मोडलेला खडू विसरत नाही.

शब्दार्थ

तुळई – दोन आधारांवर आडवी ठेवलेली लांब वस्तू
पाचर – एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला निमुळता तुकडा
बीड – साच्यात ओतलेले लोखंड
सज्जा – भिंतीबाहेर आलेला घराचा भाग, छज्जा
ओळंबा – भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्याचे दोरी लावलेले वजन
ढासळणे – कोसळून पडणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खडू कशाने मोडतो, दाबाने की वाकवल्याने?
(आ) जोसेफ मोनिए याने कुंड्यांत काय घातले?

२. कारणे लिहा.
(अ) जुन्या दगडी मंदिरांत खांब जवळजवळ असतात.
(आ) सज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते.

३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
किल्लारी परिसरातील जाड भिंती भूकंपात का टिकल्या नाहीत?

४. 'कमान' या शब्दाप्रमाणे इमारत, मीनार, घुमट हे शब्द उर्दूत कसे वापरतात ते वर्गात सांगा.

५. उपक्रम : ओल्या मातीच्या दोन सारख्या पट्ट्या करा. एका पट्टीत खालच्या बाजूला सुतळी घाला. दोन्ही पूर्ण वाळल्यावर दोन विटांवर आडव्या ठेवून मध्ये हळूहळू वजन वाढवा. कोणती पट्टी आधी कोसळते ते पाहा आणि कारण वहीत लिहा.